कोरा आवाज

काटेसाहेबांचं खरं आडनाव त्यांच्या स्टुडिओत येणाऱ्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मिक्सरवरच्या काट्यांकडे बघण्यात या माणसाने जन्म घालवला, म्हणून कुणीतरी कधीतरी काटेसाहेब म्हटलं आणि तेच चिकटलं. काटा तांबड्या पट्टीत शिरला की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. समोर बोलणारा मोठा साहेब असो की जाहिरातीतलं कुत्रं, आठीत फरक नसे.

दारावर ‘व्हॉल्व्ह मिक्सरवर ध्वनिमुद्रण’ अशी पाटी होती, आणि त्या पाटीने त्यांना पुष्कळ छळलं. अधूनमधून कुणीतरी स्वयंपाकघरातला मिक्सर पिशवीत घालून यायचंच. पातं अडकतं, जळका वास येतो, उद्या घरी पाहुणे आहेत. सुरुवातीला साहेब समजावत बसायचे, की बाई, आमचा मिक्सर आवाज एकत्र करतो, दाणे वाटत नाही. पुढे पुढे त्यांना समजावण्यापेक्षा दुरुस्त करून देणं सोपं वाटायला लागलं. ‘‘भाऊजींच्या नशिबात दोन मिक्सर,’’ वहिनी म्हणायच्या, ‘‘एक दळतो आणि एक नुसता तापतो.’’

तापणारा मिक्सर म्हणजे जेवायच्या टेबलाएवढं एक राखाडी लोखंडी धूड होतं. मागचं झाकण काढलं की आत ओळीने काचेचे व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या पोटात तांबूस तार पेटलेली. ते पुरते तापेपर्यंत काम सुरू करायचं नाही असा साहेबांचा दंडक होता. एकदा तापले की त्यातून जाणाऱ्या आवाजाचे कोपरे झिजून यायचे. चार धुण्यांनंतर नव्या कापडाला जो मऊपणा येतो तो. कुणी म्हणे ऊब, कुणी म्हणे गोलाई. साहेब काहीच म्हणत नसत, कारण स्तुती ऐकली की ते उठून पंखा कमी-जास्त करायचे.

मागच्या वर्षी हे व्हॉल्व्ह गेले. एकदम नाही; म्हातारी माणसं जातात तसे, आज एक, पुढच्या महिन्यात दुसरा. बदली मिळाले ते जोडीला जुळेनात. पण तोवर साहेबांच्या पुतणीने, वहिनींच्या लेकीने, एक काम करून ठेवलं होतं. लहानपणी गुबगुबीत होती म्हणून घरात तिचं नाव ठमी, आणि आता चांगली सडसडीत इंजिनिअर झाली तरी ठमीच. तिने त्या मिक्सरची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये उतरवायला घेतली. एका बाजूने बारीकसारीक आवाज आत सोडायचे, दुसऱ्या बाजूने काय बाहेर येतं ते पकडायचं, आणि थंड असताना हा कसा वागतो, तापल्यावर कसा, दाबून बोललं तर कसा, कुजबुजलं तर कसा, हे सगळं संगणकाला शिकवायचं.

‘‘पेंढा भरलेला वाघ आहे तो, ठमे,’’ साहेब पहिल्यांदा म्हणाले. ‘‘दिसतो वाघ. डरकाळी नाही फोडत.’’

मग एके दिवशी तिने त्यांना दोन आवाज ऐकवले, एक मशीनचा आणि एक नकलेचा. साहेबांनी डोळे मिटून तीनतीनदा ऐकले आणि त्यांना ओळखता आले नाहीत. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच तिच्या खोलीत गेले आणि म्हणाले, की तिसरा चॅनेल तापायला जरा आळस करतो, ते तू घेतलेलं नाहीस. तेव्हापासून सॉफ्टवेअर दोघांचं झालं. ‘‘कानामागून आली आणि तिखट झाली,’’ असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि सांगताना त्यांना तोंडावरचं कौतुक लपवता येत नसे.

साहेबांना सगळ्यांत जवळचा आवाज एकच, थोरल्या भावाचा. दादा निवेदक होता. माहितीपटांत डोंगर दिसायच्या आधी दादा ऐकू यायचा. बसमध्ये पुढचा थांबा कोणता हे तोच सांगायचा, लिफ्टमध्ये मजला तोच सांगायचा, फोन लागत नसेल तर थोड्या वेळाने प्रयत्न करा असं तोच सांगायचा. सगळं गाव त्याचं ऐकायचं. ‘‘घरात एक चमचा त्यांच्या सांगण्यावरून हलत नाही,’’ असं वहिनी म्हणायच्या, पण तेही खोटंच होतं. त्याने हाक मारली की असेल ते काम टाकून त्या जायच्या.

आवाज बसला तेव्हा सर्दीवर ढकलून झालं, गार पाण्यावर ढकलून झालं. मग नळी घालून पाहिलं तर आत गाठ. डॉक्टर सरळ माणूस होता. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाला. बोलणं जाईल, जीव राहील. परत निघाले तर दवाखान्याच्या लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ हे दादाच सांगत होता. वहिनींनी त्या दिवशी जिना धरला.

त्या आठवड्यात घरात सगळे जपून बोलायला लागले. आपल्या भाषेतले निम्मे वाक्प्रचार गळ्याशी आणि घशाशीच जाऊन अडकतात हे तेव्हा लक्षात आलं. शेजारचे गृहस्थ भेटायला आले आणि ‘‘हे काम तुमच्या गळ्यात कसं पडलं’’ म्हणून अर्ध्यात थांबले, आणि मग चहा पिताना त्यांना ठसका लागला. दादाच तेवढा मोठ्याने हसला.

मार्ग ठमीने काढला. पुरेशी वाक्यं वाचून ठेवली तर त्यावरून आवाज बांधता येतो. मग दादाने हातातल्या पाटीवर, म्हणजे टॅबलेटवर, टाइप करायचं आणि पाटीने त्याच्या आवाजात बोलायचं. ऑपरेशनला आठवडासुद्धा उरला नव्हता.

‘‘वाचतो,’’ दादा म्हणाला. ‘‘पण बारक्याच्या मशीनवर. कॉम्प्युटरच्या डब्यात मी बोलणार नाही. शेवटचं बोलायचं ते धड बोलू दे.’’

बारक्या म्हणजे साहेब. साठी उलटली तरी थोरल्याच्या तोंडी बारक्याच. मशीन मेलंय हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि दादाच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. आवाज जाणाऱ्या माणसाच्या हातातून आपण अजून एक गोष्ट काढून घ्यायची, हे त्यांच्याने होईना.

मग काका-पुतणीने मिळून सोंग उभं केलं. सकाळी मशीनचा खटका दाबायचा, म्हणजे दिवे लागायचे, लोखंड तापायचं. उरलेसुरले व्हॉल्व्ह पेटत होते, पण त्यांतून आवाज काही जात नव्हता. खरा आवाज माइकमधून सरळ संगणकात उतरायचा, काहीही न लावता, जसाच्या तसा. अशा आवाजाला साहेब कोरा म्हणत. आवाज बांधायला ठमीला कोराच हवा होता. आणि दादाच्या कानावरच्या हेडफोनमध्ये मात्र तिच्या सॉफ्टवेअरमधून फिरून, मऊ होऊन, जुन्या मशीनचा म्हणून जायचा. दादा रोज आत येताना मशीनच्या पाठीवर तळवा ठेवायचा, गरम लागलं की मान हलवायचा आणि काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसायचा. साहेब तेवढ्यापुरते काट्यांकडे बघत बसायचे.

दादाने वाचलं मात्र असं की बस. शाळेच्या पुस्तकातले धडे वाचले, हवामान वाचलं, आकडे वाचले, ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ पन्नास तऱ्हांनी वाचलं. मध्ये खोकला यायचा, रुमाल तोंडाला लागायचा, ध्वनिमुद्रणाचा तांबडा दिवा विझायचा. पाणी पिऊन बोटाने खूण केली की दिवा पुन्हा लागायचा, आणि दिवा लागला की आजारी माणूस उठून जायचा आणि निवेदक येऊन बसायचा. ठमीने काम संपल्याचं सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला दवाखान्यात भरती व्हायचं होतं.

वहिनी रोज बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसायच्या. त्या दिवशी त्यांनी साहेबांना खुणेने बोलावलं.

‘‘भाऊजी, झालं का सगळं?’’

‘‘झालं. एकही अक्षर राहिलं नाही.’’

‘‘मी ऐकलं थोडं. ठमीने ऐकवलं.’’ त्यांनी सुया लोकरीत खोचल्या. ‘‘छानच आहे. पण ते बसमधले आहेत, भाऊजी. लिफ्टमधले. ते गावाचे आहेत. माझे कुठे आहेत त्यात?’’

साहेबांना कळलं नाही.

‘‘टॉवेल विसरतात आणि आतून ओरडतात, ते. चष्मा डोक्यावर असतो आणि माझ्यावर खेकसतात, ते. मला माझं नावसुद्धा नको. नुसतं ‘अगं’ म्हणतात ना, तेवढं मला पाहिजे. एवढे दिवस तुम्ही सगळं जगासाठी भरून ठेवलंत. उद्यापासून मला घरात कोण हाक मारणार?’’

वहिनी रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं. जन्मभर त्यांनी हेच कापून टाकलं होतं. आधी ब्लेडने फितीवरून, मग संगणकावरून. खोकला, ‘अं’, ‘अगं पाणी दे’, खुर्चीची करकर, दोन वाक्यांमधलं बडबडणं. कापून टाकायचं ते काम, आणि उरतं ते ध्वनिमुद्रण. घरातला दादा त्यांनीच वर्षानुवर्षं केराच्या टोपलीत टाकला होता, आणि त्याबद्दल लोकांनी शाबासकीही दिली होती.

‘‘एवढंच ना,’’ ते म्हणाले. ‘‘आत्ता करून देतो.’’

काम एवढंसं नव्हतं.

‘‘दादा, एक राहिलं,’’ त्यांनी काचेपलीकडे माइकवरून सांगितलं. ‘‘वहिनींना हाक मार. घरी मारतोस तशी. पाटीवर त्याचं एक बटण करू.’’

दादाला कल्पना आवडली. तांबडा दिवा लागला. त्याने पाठ ताठ केली, डोळे अर्धे मिटले.

‘‘अगं…’’ मग एक विराम. माहितीपटात ज्या विरामानंतर समुद्र दिसतो, तो. ‘‘अगं… ऐकलंस का?’’

ठमीने ओठ चावला. दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनी म्हणाल्या, ‘‘हे कुणाला बोलावतायत?’’

‘‘दादा, जरा साधं. चष्मा सापडत नाहीये असं समज.’’

दुसऱ्या खेपेला नदीला पूर आल्याची बातमी आली. तिसऱ्या खेपेला दादाने राग आणून पाहिला, तर एखाद्या राजाने प्रधानाला दरबारात उभं करावं तसं ‘अगं’ निघालं. आता वहिनीच खुदकन हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंडावर पदर घेतला तो काढला नाही. त्या बाकावर जाऊन बसल्या.

चौथ्यांदा खोकला आला. रुमालावर लाल दिसलं. दादाने रुमाल घडी घालून खिशात ठेवला आणि थोडा वेळ समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिला.

‘‘येत नाही रे, बारक्या,’’ तो म्हणाला. ‘‘मला येतच नाही.’’

आणि हेसुद्धा त्याने त्याच भरदार, घोळवलेल्या आवाजात सांगितलं. त्याने स्वतःच ते हेडफोनमध्ये ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती आली. गाठ सांगितली तेव्हाही आली नव्हती तेवढी.

साहेबांच्या डोळ्यांपुढे दादा पहिल्यांदा माइकपुढे बसलेला उभा राहिला. तेव्हा त्याचा आवाज नाकातून यायचा, घाईचा, मधेच चिरकणारा. मशीन नवं होतं, साहेबही नवे होते. त्यांनी दादाचा आवाज मशीनमधून फिरवला आणि त्याच्या कानाला हेडफोन लावला. ‘‘हा मी?’’ दादाने विचारलं होतं, आणि त्या कानातल्या माणसाला गाठायला तो थोडा खाली वाकून, सावकाश बोलायला लागला. त्या दिवसानंतर हेडफोन लागला की तो वाकतच राहिला. आपण भावाला आवाज दिला, असं साहेब जन्मभर मनाशी म्हणत आले होते. आज त्यांना पहिल्यांदा वाटलं, की आपण त्याचा होता तो काढून घेतला. ही गोष्ट त्यांना बसल्या जागी इतकी झोंबली की ते उभे राहिले.

‘‘बस, दादा. राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘दिवा घालवतो. पाणी पी.’’

त्यांनी दिवा घालवला. ध्वनिमुद्रण बंद केलं नाही.

दिवा न लावता आवाज घेणं म्हणजे चोरी. हे हाताखालच्या प्रत्येक माणसाला त्यांनीच शिकवलं होतं, ठमीलाही. तिने पडद्यावर पळणारी रेघ पाहिली आणि काकांकडे पाहिलं.

‘‘ठमे,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘कोरा कर. त्याच्या कानातलाही.’’

‘‘काका, बाबांना लगेच कळेल.’’

‘‘कळू दे.’’

तिने बटण दाबलं. काचेपलीकडे दादाने पाण्याचा पेला ठेवला आणि घसा साफ केला. ते त्याला कानात ऐकू आलं आणि तो दचकला.

‘‘अरे, हे काय? ए, ऐकतोयस का? मी असा का ऐकू येतोय?’’

‘‘कसा?’’

‘‘कसा काय! फाटका. डब्यात बसल्यासारखा. मशीन बिघडलं तुझं, बघ जरा.’’

‘‘मशीन बिघडलेलं नाही, दादा. मेलंय. मागच्या वर्षीच.’’

दादा काचेकडे वळला. ‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे एवढे दिवस तू ठमीच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलतोयस. मशीनचे मी नुसते दिवे लावत होतो.’’

‘‘नुसते दिवे?’’ आवाज चढला, आणि चढला तो नाकातून चढला. साहेब माइकवर वाकले. ‘‘नुसते दिवे लावून मला उल्लू बनवलंस? आणि मी रोज येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवतोय, येड्यासारखा! बारक्या, तुझी ही लहानपणापासूनची खोड आहे. सायकल मोडलीस तेव्हाही अशीच भिंतीला टेकवून ठेवली होतीस, काही झालंच नाही असं. बसलो मी आणि चाक गेलं पुढे. दात कुणाचा पडला? माझा. मार कुणाला बसला? मलाच!’’

‘‘तू शिकवली नाहीस म्हणून मोडली,’’ साहेब म्हणाले. आगीत तेल ओतायला म्हणून त्यांनी ते म्हटलं, पण खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत म्हणायचं राहूनच गेलं होतं.

‘‘मी शिकवली नाही? मी? तुझ्यामागे धावून धावून माझ्या चपला फाटल्या! सीटला धरून धावायचो मी, आणि तू वर बसून ‘सोडू नको, सोडू नको’ करून बोंबलायचास. हे पांग फेडलेस होय रे?’’ त्याने टेबलावर हात आपटला. पडद्यावरचा काटा तांबड्यात गेला, आणि काटेसाहेबांनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘‘जित्याची खोड म्हणतात ती हीच! अगं! अगं, ऐकलंस का? इकडे ये आधी, हे तुझे लाडके भाऊजी बघ काय करून बसलेत!’’

‘‘आले, आले!’’ बाहेरून आवाज आला. ‘‘ओरडताय कशाला एवढं? डॉक्टरांनी काय सांगितलंय?’’

वहिनी लोकरीचा गुंडा हातात तसाच धरून खोलीत शिरल्या, दादाच्या खुर्चीपाशी पोचल्या आणि मग थांबल्या. काय झालं ते त्यांना तिथे कळलं. त्यांच्या तोंडाकडे बघून दादालाही कळलं.

साहेबांनी माइकचं बटण दाबलं. ‘‘दादा, हे सगळं उतरलंय. दिवा न लावता घेतलंय मी.’’

दादाने विझलेल्या दिव्याकडे पाहिलं. चिडेल, असं वाटलं. त्याने हेडफोन काढला आणि टेबलावर ठेवला.

‘‘असा आहे माझा आवाज?’’ त्याने वहिनींना विचारलं.

‘‘असाच आहे. पहिल्यापासून.’’

‘‘मग कधी बोलली नाहीस ती.’’

‘‘मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.’’

संगणक तेही उतरवून घेत होता. मग दादाने काचेकडे न बघता हात वर केला. ‘‘ठेव,’’ म्हणाला. ‘‘कापू नकोस.’’

ऑपरेशन ठीक झालं. गळ्याला खाली एक भोक राहिलं, तिथून श्वास जायचा यायचा. दादा घरी आला तेव्हा पाटी तयार होती. टाइप केलं की ती बोलायची, आणि काय बोलायची! विजेच्या बिलाबद्दल त्या आवाजात तक्रार केली की समोरचा आपोआप ‘सर’ म्हणायला लागायचा. नातेवाईक ऐकून डोळे पुसायचे. घरातल्या एका खोलीत बसून दादा पुन्हा सगळ्या गावाला सांगू लागला.

पाटीच्या कोपऱ्यात वहिनींसाठी एक बटण होतं. ते बसवायच्या आधी ठमीने विचारलं होतं, ‘‘नुसतं ‘अगं’ ठेवते. काका, तुम्ही कापून देता का?’’ साहेबांनी सवयीने ‘अगं’च्या पुढे रेघ आखली. तिथून पुढे सगळं काढून टाकायचं.

‘‘कापू नका,’’ वहिनी मागून म्हणाल्या. ‘‘पुरतं राहू दे.’’

म्हणून त्या बटणात अख्खं वाक्य राहिलं. त्यामुळे दादाला काहीही हवं असलं तरी पाटी ओरडायची, की अगं, ऐकलंस का, इकडे ये आधी, हे तुझे लाडके भाऊजी बघ काय करून बसलेत. भाऊजी घरात असोत की नसोत. दिवसातून किती वेळा आपल्या नावाने खडे फोडले जातात याचा साहेबांनी हिशेब सोडून दिला.

दादाला जरा उठून बसता यायला लागलं तेव्हा एका दुपारी ते भेटायला गेले होते. दोघे भाऊ खिडकीपाशी बसले होते, न बोलता. एकाला येत नव्हतं आणि दुसऱ्याला सुचत नव्हतं. दादाने बटण दाबलं. पाटी नाकातून ओरडली.

‘‘आले, आले,’’ वहिनी आतून म्हणाल्या आणि हात पुसत आल्या. ‘‘काय केलं आता भाऊजींनी?’’

दादाने पाठीकडे बोट केलं. त्यांनी उशी सारखी केली, त्या गेल्या. थोड्या वेळाने पुन्हा बटण, पुन्हा तेच ओरडणं. या वेळी पाणी हवं होतं. मग पुन्हा. या वेळी वहिनी आल्या तर दादाने काहीच दाखवलं नाही. नुसता बघत राहिला. काहीतरी दुखत होतं, किंवा भीती वाटली होती, किंवा काहीच नव्हतं. ते सांगायलाही त्याच्याकडे तो एकच राग होता, सायकलच्या चाकाचा. साहेबांना ते बघवेना.

‘‘वहिनी,’’ ते म्हणाले, ‘‘ठमीला सांगू का? तिच्या सॉफ्टवेअरने थोडा मऊ करता येईल. राग जाईल, ऊब येईल. तुम्हाला ऐकायला बरं वाटेल.’’

‘‘नको हो,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘ह्यांनी गोड बोलून हाक मारली, तर मला वाटेल काहीतरी लपवतायत.’’

दादाचे खांदे हलले. तो हसत होता. हसण्याचा आवाज नव्हता, गळ्यातल्या भोकातून नुसता वारा येत होता. मग त्याने पाटी जवळ ओढली आणि पुन्हा ते बटण दाबलं. ‘‘अगं! अगं, ऐकलंस का? इकडे ये आधी…’’

वहिनी तिथेच उभ्या होत्या, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ.

‘‘आले,’’ त्या म्हणाल्या आणि त्याच्याजवळ बसल्या.